माळ्याचा दृष्टांत

“वय काय होतं म्हणालात?”

“अठ्ठावीस,” तात्या म्हणाले.

“आणि कशानं गेल्या?”

“पोटात दुखायचं निमित्त झालं, महाराज. एकाएकीच. देवाच्या मनात आलं, आपल्या हातात काय असतं?”

“लेकरं?”

“एक मुलगी. दुसरीत हाये.”

रंगनाथ महाराजांनी मान डोलावली, उपरणं सारखं केलं आणि माइक जोडणाऱ्या माणसाला म्हणाले, “माळ्याचा दृष्टांत घेऊ. अर्ध्या तासात आटपतो, मला पुढं अजून एका दहाव्याला जायचंय.”

मी त्यांच्या मागेच घाटाच्या पायरीवर चपला काढत होते. ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. शिंप्यानं माप विचारावं आणि तेवढं कापड फाडावं, तसं चाललं होतं. आणि कापड कुणाचं? माझ्या बहिणीचं.

शालन माझी धाकटी बहीण, तात्या तिचे सासरे. तिच्या दहाव्याला आम्ही सावरवाडीला नदीवर जमलो होतो. आमच्या भागात दशक्रियेला प्रवचन लागतंच. घाटावर मंडप टाकायचा, महाराज बोलवायचे, मागून दोन पुढारी श्रद्धांजली वाहून जाणार, मग पिंड मांडायचे आणि कावळ्याची वाट बघायची. गेलेलं माणूस म्हातारं असलं की महाराज पिकल्या फळाचा दृष्टांत घेतात. तो मी कैक वेळा ऐकला होता. तरण्याताठ्या माणसासाठी माळी असतो, हे त्या दिवशी कळलं.

माझे वडील, अण्णा, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “इंदू, आज तोंड उघडू नको. तुला चैतू पाहिजे ना? मग जिभेला आवर घाल. तेराव्याला मी तात्यांशी गोडीगुलाबीनं बोलतो.”

चैतू म्हणजे शालनची मुलगी, चैताली. शालन गेली त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की या पोरीला इथं ठेवायची नाही. मी एसटीत कंडक्टर होते, तालुक्याला दोन खोल्यांत एकटी राहत होते. लग्न झालं होतं, मोडलंही होतं. मोडलं म्हणजे मीच मोडलं. मूलबाळ नव्हतं. आणि इकडं शालनची सासू गोदामामी, सून जाऊन आठवडा झाला नाही तोच, बायकांत बसून “पुढच्या लगीनसराईत संपतचं बघावं लागंल” म्हणत होती. सावत्र आई आल्यावर चैतूचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

शालन कशी गेली तेही सांगते, कारण ते कुणीच सरळ सांगत नव्हतं. दोन दिवस तिच्या पोटात कळा येत होत्या. सासूनं ओवा दिला, हिंगाचं पाणी दिलं, बिब्ब्याचा चटका दिला. ती पार गळाठली तेव्हा कुठं तालुक्याला आणली. डॉक्टर म्हणाला, आतडं फुटलंय, काल आणली असती तर वाचली असती. मी विचारलं, घरची पिकअप असताना काल का नाही आणली? तात्या म्हणाले, “गाडी कांदे घेऊन मार्केटला गेलती. आली तशी नेली.” मला ते पटलं नव्हतं. पण मी काही तिथं नव्हते, आणि संपत, तिचा नवरा, तोंडाला कुलूप लावून बसला होता.

महाराजांचा आवाज गोड होता, ते नाकारत नाही. त्यांनी सुरुवात केली आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

“मायबापहो, हे जग म्हणजे बाग आहे. आणि देव म्हणजे या बागेचा माळी. माळी सकाळी बागेत येतो. त्याला पूजेला फूल पाहिजे असतं. तो काय किडकं फूल तोडतो? सुकलेलं तोडतो? नाही! तो नजर फिरवतो आणि बागेतलं सगळ्यांत चांगलं, सगळ्यांत देखणं फूल असतं ना, तेच तोडतो. शालनताई तसं फूल होत्या. गुणाच्या होत्या, कुणाला उलटून बोलल्या नाहीत. म्हणूनच माळ्याची नजर त्यांच्यावर गेली. रडू नका. ज्याचं फूल देवाला आवडलं, ते घर भाग्याचं!”

चैतू माझ्या मांडीवर बसली होती. दहा दिवसांत ती कुठंच धड बसत नव्हती, पण त्या वेळी मात्र डोळे मोठे करून ऐकत होती. तात्या पहिल्या रांगेत मान हलवत होते. भाग्याचं घर! मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच मला हात जोडले. मी चैतूला खाली ठेवली आणि उठले.

“महाराज, एक विचारू का?”

“विचारा माउली, विचारा.”

“तो तुमचा माळी फूल तोडायच्या आधी दोन दिवस त्याला तळमळत ठेवतो का?”

महाराज गोंधळले. “म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! माझी बहीण दोन दिवस पोट धरून लोळत होती. तिला दवाखान्यात नेली नाही, ओवा चारला. आणि तुम्ही इथं सांगताय की देवानं निवडून तोडली? मग डॉक्टर खोटं बोलला का, काल आणली असती तर वाचली असती म्हणून? तुमच्या देवाचं नाव तरी कशाला बद्दू करता? ज्यांनी उशीर केला ते पहिल्या रांगेत बसलेत. घ्या की त्यांची नावं!”

मग काय, एकच गलका झाला. कुणी “बाईला आवरा” म्हणतंय, कुणी “दहाव्याच्या दिवशी असं?” म्हणतंय. एक पुढारी घड्याळ बघायला लागला. तात्या लालबुंद होऊन अण्णांपुढं येऊन उभे राहिले.

“अण्णा, तुमच्या पोरीला दावं लावा आधी. स्वतःचा नवरा टाकला, आता आमच्या घरात काडी लावायला आली. आणि एक ध्यानात ठेवा, चैतूचं नाव परत काढायचं नाही. आमच्या घरची पोरगी हाये, आमच्याच घरात राहील. असल्या बाईच्या हातात देऊ व्हय?”

अण्णांनी मला दंडाला धरून मंडपाबाहेर काढलं. “झालं समाधान?” एवढंच म्हणाले.

पिंड मांडले आणि मांडतात न मांडतात तोच कावळा शिवला. गोदामामी मोठ्यानं म्हणाल्या, “बघा, लगेच शिवला. काय सुदीक इच्छा राहिली नव्हती माझ्या सुनेची.” मी म्हटलं, भूक लागली असेल त्याला. पण ते मनातच म्हटलं, कारण अण्णांनी माझा दंड अजून सोडला नव्हता.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. लोक म्हणतात, इंदू, तेव्हा गप बसली असतीस तर सगळं सोपं झालं असतं. सोपं झालं असतं, खरंय. पण शालनचं मरण फुलांच्या टोपलीत झाकून टाकलेलं मी बघत बसले असते, आणि तसलं सोपं मला नको होतं. अजूनही नकोच आहे.

तेराव्याला माहेरच्यांनी दुखवट्याचे कपडे घेऊन जायचं असतं. त्याला कुणी अडवत नाही, भांडण असलं तरी. अण्णांनी जावयाला पोशाख घेतला, विहिणीला लुगडं घेतलं, चैतूला फ्रॉक घेतला, आणि वाटेत मला दहा वेळा बजावलं की मी फक्त जेवायला तोंड उघडायचं. मी “हो” म्हटलं. चैतू मिळण्याची आशा तशीही मीच घालवली होती. निदान डोळ्यांनी बघून तरी यावं, इतकंच मनात होतं.

अंगणात पंगती बसल्या होत्या. रंगनाथ महाराजही जेवायला होते. ओट्यावर त्यांचा मान. शालनचा फोटो पाटावर ठेवून त्यापुढं नैवेद्याचं ताट मांडलं होतं. मी चैतूला शोधत होते आणि ती समोरून आली तेव्हा मला आधी ओळखूच आली नाही. केसांच्या जटा झालेल्या, तोंडाला चुलीची काजळी, अंगातला फ्रॉक पुढून फाडलेला, पाय चिखलानं भरलेले. ही तीच पोरगी, जी शाळेत जाताना रिबिनीची दोन टोकं सारखी झाल्याशिवाय घराबाहेर पडायची नाही.

“चैतू!” मी हाक मारली.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग सगळ्या पंगतीकडं बघितलं, आणि सरळ जाऊन आईच्या फोटोपुढच्या ताटाला लाथ मारली. भात, भजी, बुंदी, सगळं मातीत. गोदामामी धावल्या आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. चैतूनं त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

“मेली, सटवी!” मामी किंचाळल्या. “तीन दिवस झाले, अंगात आल्यासारखं करतीय. अंघोळ करीत नाही, परवा माठ फोडला, बापाच्या अंगावर थुंकली. मावशीचं वळण, दुसरं काय! दहाव्याला त्या बयेनं जे शिकवलं तेच करतीय.”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी काहीएक न बोलता पुढं झाले, चैतूला उचललं, आणि घरामागच्या कांदाचाळीच्या सावलीत घेऊन गेले. ती हातपाय झाडत होती. चाळीपाशी कुणी नाही असं बघितल्यावर एकदम शांत झाली.

“काय गं हे सोंग? आईचं ताट का उधळलंस?”

तिनं चाळीच्या फटीतून एक कांदा उपसला.

“माठ का फोडलास?”

“आजीला सांगणार नाहीस?”

“माझं आणि आजीचं काय सूत आहे, माहीत नाही का तुला? बोल.”

ती कांद्याची सालं चुरगाळत बसली. मग म्हणाली, “मी मुद्दाम करते.”

“ते दिसतंय. कशापायी?”

“मी आता वाईट झाले ना, मावशी?”

“वाईट कशी होशील तू?”

“झाले ना पण? सांग की!” तिनं माझा पदर ओढला. “मी रोज काहीतरी करते. महाराज म्हणाले ना, देव चांगलं फूल बघून तोडतो. आई चांगली होती म्हणून तिला तोडलं. आणि सगळे म्हणतात, चैतू आईवर गेलीय, गुणाची आहे. परवा शेजारची काकू पण म्हणाली. मग मी अंघोळ करायची बंद केली. मळलेलं फूल कोण तोडंल?”

मी तिचे दोन्ही खांदे धरले. तिला वाटलं, मी घाबरले. तिनं आपला मळका हात माझ्या गालावर ठेवला.

“तू भिऊ नको मावशी. तुला नाही नेणार देव. तू लई भांडकुदळ आहेस, आजी म्हणते. तू जगशील.”

हसावं की रडावं ते कळेना. राग मात्र आला, आणि तो कुणाचा आला ते चांगलं कळलं. मी तिचा हात धरला आणि तशीच ओट्याकडं निघाले. अण्णांनी मला येताना बघितलं आणि कपाळाला हात लावला.

महाराजांचं जेवण झालं होतं. तात्यांनी दिलेला विडा हातात होता. संपत त्यांच्या शेजारी खांबाला टेकून बसला होता, मुंडण केलेलं डोकं खाली घालून.

“महाराज,” मी म्हटलं, “तुम्ही दिलेलं तुम्हीच परत घ्या.”

“काय घेऊ, ताई?”

“तुमचा तो माळी! ही पोरगी तीन दिवस अंघोळ करत नाही, ताटं उधळते, लोकांना चावते. का, माहितीये? चांगली राहिली तर देव तोडून नेईल म्हणून. जीव मुठीत धरून बसलीय. तुम्ही अर्ध्या तासात उरकून पुढच्या दहाव्याला गेलात, आणि हिच्या काळजात देव नावाचा मारेकरी घुसवून गेलात.”

“ए बाई!” तात्या उठले. “परत सुरू केलंस?”

महाराजांनी त्यांना हातानंच बसवलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण लगेच हार मानायची सवय नसावी. “ताई, असं बघा,” ते शांतपणे म्हणाले, “दृष्टांत एकदेशी असतो. मुख चंद्रासारखं म्हटलं म्हणजे मुखावर डाग आहेत असा अर्थ होत नाही. एका अंगानं घ्यायचा आणि सोडून द्यायचा. देव काही खरोखरीचा माळी नाही.”

“हे मला कशाला सांगता? हिला सांगा. एकदेशी म्हणजे काय ते दुसरीतल्या पोरीला समजावून सांगा!”

महाराज चैतूसमोर वाकले. “बाळा, ये इकडं. घाबरू नकोस हं. देव माळी नाही. देव कसा असतो सांगू? देव आईसारखा असतो. आई कशी कुशीत घेते, तसा.”

चैतूनं जरा विचार केला. “मग देव पण मरंल?”

महाराजांनी विडा खाली ठेवला.

“नाही, नाही. तसं नव्हे. म्हणजे…” त्यांनी इकडंतिकडं बघितलं, आणि त्यांची नजर संपतवर गेली. “देव बापासारखा आहे असं समज. बाप असतो ना आपला, सगळी काळजी घेणारा. हे बघ, तुझे बाबा बसलेत. तसा.”

चैतूनं बापाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

“म्हणजे तो पण म्हणंल, कांदे उतरवून आलो की बघू?”

“काय?” मी म्हटलं. “चैतू, काय म्हणालीस?”

“आई म्हणत होती, मला दवाखान्यात न्या, लई दुखतंय. बाबा म्हणाले, भाव चांगलाय, कांदे उतरवून आलो की बघू. आणि गाडी घेऊन गेले. आई गाडीच्या मागं दारापर्यंत गेली आणि तिथंच बसली.” ती महाराजांकडं वळली. “देव असाच असतो?”

तात्या काय म्हणाले होते? गाडी मार्केटला गेलती, आली तशी नेली! गाडी गेली होती हे खरंच होतं. शालन दारात उभी राहून नेण्यासाठी विनवत असताना गेली होती, एवढंच फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

“खोटं बोलतीय कार्टी!” तात्या ओरडले. “मावशीनं पढवलंय. इकडं ये गं तू…” आणि त्यांनी चैतूवर हात उगारला. तो हात मी धरला. जोरात धरला. गर्दीत पाकीटमारांचे हात धरायची सवय होती मला, त्याचा उपयोग झाला.

“तात्या, बसा खाली,” महाराज म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज गोड नव्हता. “लेकरू खोटं बोलत नाही. मी कीर्तनं-प्रवचनं करत आयुष्य घालवलंय, खरं काय ते कानाला कळतं मला.”

मग ते उठले आणि चैतूपुढं मातीतच मांडी घालून बसले. पांढरंस्वच्छ धोतर, त्याची पर्वा केली नाही.

“बाळा, मी चुकीचं बोललो. तुझ्या आईला देवानं तोडली नाही. तिला पोटाचा आजार झाला. लवकर दवाखान्यात नेली असती तर डॉक्टरनं बरी केली असती. नेली नाही. म्हणून ती गेली. चांगली होती म्हणून गेली नाही. कळलं का? चांगलं असल्यामुळं कुणी मरत नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग देव कसाय?”

“मला माहीत नाही गं,” ते म्हणाले. “मी आपला अमक्यासारखा, तमक्यासारखा सांगत आलो.”

“हे दहाव्याला सांगितलं असतं तर जिभेला काटा टोचला असता का?” मी म्हटलं. पुढं त्यांनी माळ्याचा दृष्टांत सोडला असं कुणी कुणी सांगतात. मी काही खात्री करायला गेले नाही.

पंगतीतली माणसं उष्ट्या हातानं तशीच बसली होती. गोदामामी मनगट चोळत आत गेल्या. अण्णा, माझा गरीब बाप, ज्यानं सगळ्या जन्मात कुणाला अरे म्हटलं नाही, तो संपतसमोर जाऊन उभा राहिला.

“भाव काय मिळाला, पाव्हणं?”

संपतनं मान वर केली नाही.

“माझ्या शालनपायी विचारतोय. भाव काय मिळाला त्या दिवशी?”

संपत हुंदका देऊन रडला. मला त्याची कीव आली नाही. येते म्हणतात माणसाला, मला नाही आली. तो उठून घरात गेला आणि थोड्या वेळानं बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चैतूचं दप्तर होतं आणि एक पिशवी, कपड्यांनी भरलेली.

“ताई, हिला घेऊन जा.”

“संप्या!” तात्या गरजले. “घरातली पोरगी बाहेर देतोस? गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार हायेस का?”

“तुम्ही दाखवा तोंड,” संपत म्हणाला. “माझ्याच्यानं व्हायचं नाही. ती रोज माझ्याकडं अशीच बघंल, तात्या. रोज विचारंल.”

त्यानं पिशवी माझ्यापुढं धरली. मी घेतली. त्यानं चैतूच्या डोक्यावर हात ठेवायला बघितलं, ती माझ्यामागं सरकली. त्याचा हात तसाच राहिला.

“माझ्याबद्दल काय सांगाल हिला?” त्यानं मला विचारलं.

“जे झालं तेच सांगीन. विचारलं तर. आणि ती विचारणारच, हे तुम्हाला आत्ताच कळलंय.”

आम्ही निघालो. अण्णा पुढं, दप्तर पाठीला लावून. माझ्या हातात पिशवी, दुसऱ्या हातात चैतू. फाट्यावर एसटीला वेळ होता. थांब्यावरच्या कट्ट्यावर बसलो. अण्णा दप्तर मांडीवर घेऊन रस्त्याकडं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसतही नव्हते. माझे डोळे कोरडे होते. शालन गेल्यापासून मी एकदाही रडले नव्हते. नुसती भांडत होते: डॉक्टरशी, तात्यांशी, महाराजांशी, देवाशी, ज्याला मी मानतच नव्हते त्याच्याशीसुद्धा.

चैतू पाय हलवत बसली होती. चिखल वाळून पोपडे पडत होते, ते ती नखानं खरवडत होती. मध्येच थांबली आणि माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली,

“मावशी, आता मी चांगली झाले तर चालंल?”

मी तिला तसल्याच मळक्या अंगानं उराशी धरली आणि भर फाट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांसमोर, ओक्साबोक्शी रडले. रडणं ओसरल्यावर म्हटलं, “हो गं माझे बाय. हो. खुशाल हो.”